पाचामुखी

परीक्षित कुंटेला एकदा आठ जणांबरोबर हॉटेलात नेऊन बघायला हवं होतं. एकाला डोसा हवा, दुसरा थाळीवर अडून बसलेला, तिसरीचा उपास, चौथा अजून बाहेर पार्किंग शोधतोय. दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. परीक्षित बोटं मोजायचा. पाच डोकी एका बाजूला झाली की वेटरला हाक. पार्किंग शोधणारा आत येईपर्यंत त्याच्यापुढे गरम डोसा येऊन पडलेला असायचा, मग त्याला तो आवडो न आवडो. "मेजॉरिटी झाली की निघायचं, उरलेले येतात मागून," हे त्याचं ब्रीद. लोक त्याला हसायचे आणि दर वेळी बोलवायचेही, कारण तो असला की जेवण वेळेवर मिळायचं.

पोटापाण्याचं कामही त्याचं तेच होतं. अमेरिकेत, एडिसनमध्ये चार वर्षं काढून २००१ साली तो बायको रत्ना आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन सांता क्लाराला आला, एका मध्यम कंपनीत. एकच माहिती पाच कॉम्प्युटरांवर ठेवायची, म्हणजे एखादा बंद पडला तरी ती जाणार नाही, असा तिचा धंदा. ऐकायला सोपं. पण पाच ठिकाणी एकच गोष्ट लिहायची तर पाचांचं एकमत व्हायला हवं, आणि पाच मशिनांचं एकमत पाच सख्ख्या भावांच्या एकमताइतकंच अवघड. एकाची वायर सैल, एक कामाच्या ओझ्याखाली दबलेलं, आणि जे गप्प बसलंय ते मेलंय की नुसतं सावकाश चाललंय, हे बाहेरून कधीच कळत नाही. त्याची वाट बघत बसलात तर जन्मभर बसाल. म्हणून नियम असा, की पाचांतल्या तिघांनी हो म्हटलं की ठरलं. सावकाश चालणाऱ्यासाठी थांबायचं नाही.

रत्नाचे वडील २००३ साली नागपूरहून राहायला आले, तेव्हा परीक्षितनं त्यांना हे सगळं जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून समजावलं. आबांनी मान डोलावली. "म्हणजे पाचामुखी परमेश्वरच की हो, जावईबापू. त्याला इतकं शिकायला कशाला लागतं?"

"परमेश्वर नाही आबा, तिथेच गंमत आहे," परीक्षित म्हणाला. "पहिल्याच वाटीत कोणी खोटं टाकलं, तर पाचही वाट्या एकमतानं तेच खोटं सांभाळतात. आमची सिस्टिम एकमत देते. खरं-खोटं नाही सांगत."

त्याच वर्षी ऑफिसात एक भानगड झाली. पाचांतली तीन मशिनं एका क्षणी बंद पडली. शोध घेतला तर त्याचा सहकारी ऋषी गोडबोले यानं ती तिन्ही एकाच पॉवर स्ट्रिपवर, एका प्लगमधून वीज घेणाऱ्या पट्टीवर, लावलेली, आणि सफाईवाल्याचा पाय त्या स्ट्रिपला लागलेला. परीक्षित एरवी कोणावर आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी त्यानं ऋषीला सगळ्यांसमोर झापलं. "तुला वाटलं तीन मशिनं म्हणजे तीन मतं? एका प्लगवरची तीन मतं म्हणजे एकच मत असतं रे बाबा. तू ते तीनदा मोजलंस!" ऋषीनं ते इतकं मनाला लावून घेतलं, की पुढे घरी वॉशिंग मशीन लावतानाही तो प्लग कुठे जातो ते वाकून बघायचा.

हे सगळं ज्याला तोंडपाठ होतं, त्याच माणसाची ही गोष्ट. अडाण्याची चूक असती तर सांगण्यात काही अर्थ नव्हता.

रत्ना गावातल्या पब्लिक लायब्ररीत लहान मुलांच्या विभागात काम करायची. तिला पुस्तकं वाचायला कमी आणि वाचून दाखवायला जास्त आवडायचं. राक्षस आला की राक्षसाचा आवाज, म्हातारी आली की म्हातारीचा. अमेरिकन मुलं तोंडं उघडी टाकून ऐकायची आणि इला, तिची मुलगी, "आई, यू आर सो लाउड" म्हणत पुस्तकाआड लपायची.

२००६ च्या उन्हाळ्यात रत्ना बारीक होऊ लागली. महाराष्ट्र मंडळाच्या बायका तिला घेरून कुठलं डाएट, कुठली जिम असं विचारत होत्या. ती हसून घ्यायची. संध्याकाळी अंगात कसर, घोट्यांना सूज, कोरडा खोकला. ऑगस्टअखेर फोटो काढला तर छातीत गाठी दिसल्या, आणि तिला छातीच्या डॉक्टरकडे पाठवलं.

हा डॉक्टर उंच, उमदा, घाईतला माणूस. त्यानं प्रश्नांची यादी सुरू केली. ॲलर्जी? ऑपरेशन? मग म्हणाला, "घरात कधी कोणाला टीबी? तशा माणसाबरोबर राहणं झालंय?"

रत्नानं तोंड उघडलं, पण परीक्षित आधी बोलून गेला. "नो. नेव्हर."

इथे जरा थांबून सांगायला हवं. रत्नाच्या मावशीला, अहिल्यामावशीला, क्षय झाला होता. रत्ना तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात. पाच महिने तिनंच मावशीचं सगळं केलं, औषधं दिली, थुंकीचं तस्त उचललं, शेवटचं पाणीही तिनंच पाजलं. मावशी गेली आणि घरच्यांनी गावभर सांगितलं की दम्यानं गेली. घरात लग्नाच्या तीन मुली होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. रत्नानं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी परीक्षितला हे सांगितलं ते रडतच, फसवल्यासारखं वाटतंय म्हणून. त्यानं तिला जवळ घेऊन म्हटलं होतं, वेडी आहेस का, त्यानं काय होतं.

आणि दुसरी गोष्ट ग्रीनकार्डाची. त्याच्या मेडिकलला हातावर एक टोचणी देतात, दोन दिवसांनी तिथे सूज आली तर क्षयाची शंका. आपल्या लोकांच्यात जवळजवळ प्रत्येकाचा हात फुगतो. त्यावरचं उत्तरही प्रत्येकाला पाठ असतं. नवा माणूस विमानातून उतरला की आठवड्याभरात कोणीतरी त्याला सांगतंच, की फुगलं तर घाबरू नकोस, 'बीसीजी' म्हणायचं, लहानपणीच्या लसीमुळे होतं ते, आणि दंडावरचा वण दाखवायचा. २००४ साली रत्नाचा हात असाच फुगला होता. परीक्षितनं असंच उत्तर दिलं होतं, फोटो स्वच्छ आला होता आणि प्रकरण मिटलं होतं. फाइल मात्र तेव्हापासून वर गेली ती खाली येईना.

आताही टोचणी दिली, आताही हात फुगला, चांगला रुपयाएवढा. "बीसीजी," परीक्षित म्हणाला. डॉक्टरनं लिहून घेतलं.

गाडीत बसल्यावर रत्ना म्हणाली, "मावशीचं सांगायला हवं होतं का रे?"

"अठरा वर्षं झाली त्याला. आत्ता फाइलवर टीबी हा शब्द आला ना, तर सगळं लटकेल. रिपोर्ट करतात हे लोक, कौंटीच्या आरोग्य खात्याला कळवतात. कशाला उगाच?"

कुठल्याही ऑफिसात, खिडकीवर, फोनवर बोलायचं ते परीक्षितनं, अशी त्यांच्या संसारात पहिल्यापासून वाटणी होती. तिला त्याचं बोलणं आवडायचं. कोणालाही न दुखवता काम करून आणतो, असं ती कौतुकानं सांगायची.

ऑक्टोबर उजाडला तो नवं संकट घेऊन. रत्नाला एका डोळ्यानं धुरकट दिसू लागलं. लायब्ररीत ती पुस्तक नाकाला लावून वाचू लागली, आणि एक दिवस राक्षसाच्या मध्येच थांबली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत दाह आहे, लवकर आटोक्यात आणला नाही तर दृष्टी जाईल. घोट्यांसाठी सांध्यांचा डॉक्टर आला. छातीतून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा चौथा. आणि पाचव्या, संसर्गाच्या तज्ज्ञ, डॉक्टर मिरियम क्लाइन. साठीच्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, कमालीच्या सावकाश बोलणाऱ्या.

पाच शास्त्रं, पाच माणसं, आणि एकमेकांशी बोलायला कोणालाच फुरसत नाही. डोळ्यांच्या बाईंना फुप्फुसाचे आकडे कळत नव्हते, सांधेवाल्याला डोळ्यांतली चित्रं. परीक्षितच्या अंगात बळ आलं ते इथे. आजारापुढे तो महिनाभर हतबल होता, पण हे तर त्याच्या ओळखीचं होतं! पाच जण, पाच ठिकाणी, पूर्ण चित्र कोणाकडेच नाही, कोणी लवकर उत्तर देतो, कोणी देतच नाही. त्यानं एका तक्त्यात पाच रकाने आखले. छातीच्या डॉक्टरनं लिहिलेल्या दोन पानी पत्राच्या झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येकाच्या दवाखान्यात जाताना पहिल्यांदा ते पत्र पुढे सरकवलं. पुन्हा तेच तेच विचारण्यात वेळ जायला नको, हा हेतू. डॉक्टर मंडळी खूश झाली. सांधेवाला म्हणाला, असे नातेवाईक मिळाले तर आमचं काम अर्धं होईल. परीक्षितनं ते घरी येऊन रत्नाला सांगितलंही.

छातीच्या डॉक्टरचं मत होतं, सार्कॉइड. शरीर स्वतःवरच उलटतं आणि जागोजागी गाठी धरतं, असा आजार. त्यावर स्टेरॉइड द्यायचं. सांधेवाला म्हणाला, तेच. डोळ्यांच्या बाई म्हणाल्या, तेच, आणि ताबडतोब सुरू करा. सूक्ष्मदर्शकवाल्यानं कळवलं, गाठी दिसतात पण त्यांवरून एकट्यानं निकाल देता येणार नाही, बाकीचा इतिहास बघून ठरवा. परीक्षितनं त्याच्या रकान्यात 'तटस्थ' लिहिलं.

राहिल्या क्लाइनबाई. त्यांनी झेरॉक्स बाजूला ठेवली, खुर्ची ओढून रत्नाच्या समोर आणली आणि विचारलं, की कधी एखाद्या क्षयरोग्याजवळ राहिला होतात का.

"नाही, ते पत्रात लिहिलंय," परीक्षित म्हणाला.

"मी यांना विचारलं," बाई म्हणाल्या.

रत्नानं परीक्षितकडे बघितलं. अगदी क्षणभर. मग ती म्हणाली, "नो."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी सांगितलं, की हाच आजार असेलही, पण क्षयही हुबेहूब असाच दिसतो. आणि क्षय असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर शरीराचा पहारा उठतो आणि रोगाला सगळं घर मोकळं सापडतं. छातीतल्या तुकड्यातून जंतू वाढतात का ते बघायला प्रयोगशाळेत ठेवलंय, सहा ते आठ आठवडे लागतील. तोवर थांबा. डोळ्यासाठी थांबता येत नसेल तर स्टेरॉइडच्या जोडीला क्षयाच्या गोळ्याही सुरू करू. छातीच्या डॉक्टरला परीक्षितनं हे फोनवर सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, लिव्हरवर उगाच भार, आणि क्षयाच्या गोळ्या लिहिल्या की कौंटीला कळवावं लागतं, ठाऊक आहे ना?

ठाऊक होतं. तेच तर ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात परीक्षितनं तक्ता रत्नासमोर ठेवला. तीन हो, एक तटस्थ, एक थांबा.

"क्लाइनबाई थांबा म्हणतायत," रत्ना म्हणाली.

"ती एकटीच. आणि आठ आठवडे! तुझा डोळा आहे तोवर?"

"एकटी आहे म्हणून चूक असते का रे?"

"रत्ना, तीन वेगळ्या फील्डचे एक्स्पर्ट्स, तीन वेगळ्या ठिकाणी, एकच उत्तर देतायत. याच्यापेक्षा स्ट्राँग काय असतं? एकासाठी सगळं अडवून नाही ठेवता येत."

डोळ्याची भीती त्याची खरी होती. पण तीन हा आकडा त्याला सोयीचाही होता, आणि माणूस सोयीचा आकडा दोनदा मोजत नाही. रत्नानं तक्ता जवळ, फार जवळ धरून वाचला.

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या, आणि पाचव्या दिवशी चमत्कार. ताप गेला. घोटे उतरले. डोळ्यापुढचा धूर विरला. तिला भूक लागू लागली. दिवाळीला तिनं चकल्या केल्या, करंज्या केल्या, मंडळाच्या कार्यक्रमात लहान मुलांना नरकासुर वाचून दाखवला आणि सगळं सभागृह तिच्या आवाजानं हादरलं. परीक्षित मागच्या रांगेत उभा राहून चक्क रडला. त्याला वाटलं, आपण हिला वाचवलं. त्याच आठवड्यात क्लाइनबाईंच्या दवाखान्यातून फोन आला, की रत्नाला पुन्हा बघायचंय, एकटीनं यावं. "शी इज डूइंग ग्रेट," परीक्षित म्हणाला आणि त्यानं अपॉइंटमेंट कॅन्सल केली.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी रत्नाचं डोकं दुखू लागलं. दोन दिवस त्यांनी ते दमणुकीवर ढकललं. तिसऱ्या दिवशी तिला उजेड सोसेना, मान वाकेना. सकाळी इला दूध घेऊन तिच्या खोलीत गेली तर रत्ना उठून बसली आणि पोरीचा हात धरून म्हणाली, "मावशी, पाणी देऊ का गं?"

इला धावत बाहेर आली. "बाबा, शी डझन्ट नो मी!"

प्रयोगशाळेचा फोन आला तो पहिल्या डिसेंबरला, रत्ना अतिदक्षता विभागात असताना. जंतू वाढले होते. क्षयाचे. सात आठवड्यांनी का होईना, सावकाश चालणाऱ्यानं उत्तर दिलं होतं, आणि बरोबर तेच दिलं होतं. रोग तोवर मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता.

औषधं सुरू झाली, जेवढी होती तेवढी सगळी. रत्ना मधूनच जागी व्हायची ती नागपूरच्या त्या खोलीत. मावशीला औषध देऊन झालं का, तस्त कुठे ठेवलं, खिडकी उघडू का. क्लाइनबाई रोज येऊन तिच्या उशाशी उभ्या राहायच्या. एकदा त्यांनी परीक्षितला विचारलं, "ही सारखं मावशी म्हणते. कोण त्या?"

"तिच्या आईची बहीण."

"इथे आहेत?"

"नाही. वारल्या. फार पूर्वी."

"कशानं?"

आता काय राहिलं होतं झाकायला? निदान झालं होतं, कौंटीला कळलं होतं, खरं बोलून काही बिघडणार नव्हतं. पण काही घडणारही नव्हतं, असं त्यानं मनाला सांगितलं आणि म्हणाला, "दम्यानं." बाईंनी मान हलवली आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

घरातल्यांची तपासणी झाली. परीक्षितचा हात फुगला, त्याचा नेहमीच फुगायचा. इलाचाही फुगला. इला अमेरिकेत जन्मलेली, तिच्या दंडावर वण नव्हता. या वेळी 'बीसीजी' म्हणायची सोय नव्हती. रोग झाला नव्हता पण जंतू आत शिरले होते. नऊ महिने रोज एक गोळी.

चार जानेवारीला रत्ना गेली. ती शेवटी काही बोलली नाही. आठवडाभर आधीच तिचं बोलणं थांबलं होतं.

लोक आले, डबे आले, मंडळानं सगळं सांभाळलं. मग महिन्याभरात जो तो आपल्या कामाला लागला. परीक्षितही लागला. ऑफिसातली मशिनं अतिशय छान चालली होती. तो त्यांच्यासमोर बसायचा, पाचांतल्या तिघांचे होकार पडद्यावर येताना बघायचा, आणि तोंड फिरवायचा. बोटं मोजणं त्यानं सोडलं. हॉटेलात जाणंही सोडलं.

ऋषी मात्र पेटला होता. रोज फोन. "सोडायचं नाही यार. तिघांनी मिळून वहिनींना मारलं. माझा एक वकील मित्र आहे, केस स्ट्राँग आहे म्हणतो. तू फक्त फाइल काढ आणि पहिली चूक कोणाची ते शोध."

हे पटण्यासारखं होतं. चूक कुठे शिरली ते शोधणं हे तर त्याचं कामच. मे महिन्यात हॉस्पिटलातून जाडजूड पाकीट आलं. शनिवारी सकाळी इला मराठी शाळेला गेल्यावर त्यानं कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले, तारखेप्रमाणे लावले, हातात पिवळा मार्कर घेतला. मनात संताप होता, आणि त्या संतापाचा त्याला आधारही होता.

पहिलं सांधेवाल्याचं पत्र. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, "क्षयरोग्याशी कधीही संपर्क नाही. टोचणीची सूज बालपणीच्या लसीमुळे." त्यानं ते रंगवलं. याला कोणी सांगितलं हे? यानं तर रत्नाला विचारलंच नव्हतं. मग डोळ्यांच्या बाईंचं पत्र. तीच दोन वाक्यं, त्याच क्रमानं. सूक्ष्मदर्शकवाल्याच्या अहवालाखाली हातानं लिहिलेलं, "इतिहास क्षयाच्या विरुद्ध जातो." सगळे एकाच जागेवरून उचलत होते. परीक्षितला जोर चढला. त्यानं छातीच्या डॉक्टरचं मूळ पत्र ओढलं, जे त्यानं स्वतः झेरॉक्स करून घरोघर वाटलं होतं आणि तक्त्याच्या नादात कधी नीट वाचलंच नव्हतं.

तिथे वाक्य पूर्ण होतं. "पतीनं सांगितल्यानुसार, क्षयरोग्याशी कधीही संपर्क नाही."

त्यानं ते पुन्हा वाचलं. मार्कर तिथेच टेकून राहिला आणि कागदावर पिवळा डाग पसरत गेला. तीन डॉक्टर, तीन शास्त्रं, तीन होकार. एकच प्लग. आणि तो प्लग त्याच्या तोंडातून निघाला होता, रत्ना तोंड उघडत असताना.

फाइलच्या तळाशी क्लाइनबाईंच्या हस्ताक्षरातला कागद होता. "उत्तर देण्यापूर्वी रुग्णानं पतीकडे पाहिलं. पतीच्या गैरहजेरीत पुन्हा विचारणे." खाली तारीख. आणि त्याखाली वेगळ्या शाईत, दवाखान्यातल्या कोणीतरी लिहिलेलं, "पतीनं भेट रद्द केली."

दुपारी ऋषीचा फोन आला. "सापडलं का? नाव दे, वकिलाला आजच पाठवतो."

"केस नाही करायची."

"का? तिघंही चुकलेत ना यार?"

"ते तीन नव्हतेच, ऋषी. एका प्लगवर होते."

ऋषीला हे शब्द विसरणं शक्य नव्हतं. तो हळूच म्हणाला, "कोणाच्या?"

परीक्षितनं फोन ठेवला. नंतर तीनदा वाजला, त्यानं उचलला नाही.

त्याची ग्रीनकार्डाची फाइल उन्हाळ्यात अचानक हलली. कार्ड आलं ते एकट्याच्या नावाचं. त्यानं पाकीट कापून आत बघितलं आणि रत्नाच्या पुस्तकांच्या कपाटात ठेवून दिलं. ते कोणाला दाखवलं नाही, पेढे तर लांबच.

महिन्यातून एकदा इलाला कौंटीच्या क्लिनिकमध्ये गोळ्यांसाठी न्यावं लागायचं. ऑगस्टमध्ये तिथे नवीन नर्स होती. तिनं कोरा फॉर्म काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नाव, वय, वजन. मग सवयीनं, पेन चालू ठेवूनच, "घरात कोणाला टीबी होता?"

"माय मॉम," इला म्हणाली. नऊ वर्षांची पोर आता कोणी बोलायची वाट बघत नव्हती.

"आणि मॉमला कुठून झाला, काही कळलं का?"

इलाला माहीत नव्हतं. तिनं बाबांकडे बघितलं. रत्नानं बघितलं होतं तसंच, क्षणभर, आणि तोच चेहरा.

"तिच्या मावशीकडून," परीक्षित म्हणाला. "नागपूरला. पाच महिने हिच्या आईनं त्यांची सेवा केली. त्या टीबीनं गेल्या. दम्यानं नाही." मग न विचारता म्हणाला, "मला माहीत होतं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो."

नर्सचं पेन थांबलं. तिनं एकदा त्याच्याकडे, एकदा पोरीकडे बघितलं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. तिनं मावशी आणि नागपूर एवढंच लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

"यू न्यू?" इला म्हणाली.

"हो."

"आई न्यू टू?"

"हो. ती सांगणार होती. मी आधी बोललो."

इलानं गोळ्यांची बाटली नर्सच्या हातातून स्वतः घेतली. पार्किंगपर्यंत ती त्याच्या पुढे चालत गेली, आणि गाडीत नेहमीसारखी त्याच्या शेजारी न बसता मागच्या सीटवर जाऊन बसली.